कॅल्शियम वाढलंय, पीटीएच वाढलंय, पण स्कॅन ‘नॉर्मल’. आईचं ऑपरेशन करावं का?

विश्रामबागकर | ११ जून, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. आईबद्दल विचारायचंय. जरा मोठं लिहितोय, पण सगळं वाचून सांगा.

आई ६१ वर्षांची, तासगावच्या शाळेतून निवृत्त झाली. चार वर्षांत तीनदा मुतखडा झाला. तिसऱ्या वेळी खडा काढणारे डॉक्टर म्हणाले, सारखा सारखा का होतोय ते एकदा बघू या. रक्त तपासलं तर कॅल्शियम ११.४ (लॅबची वरची मर्यादा १०.५) आणि पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन, १६२ (वरची मर्यादा ६५). पंधरा दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये केलं, आकडे जवळपास तेच. डी जीवनसत्त्व १४, म्हणजे कमी. चोवीस तासांच्या लघवीतलं कॅल्शियमही जास्त. एवढ्यावरून पॅराथायरॉइडची एखादी ग्रंथी जास्त काम करतेय असं सांगितलं. गळ्यात थायरॉइडच्या मागे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या अशा चार बारक्या ग्रंथी असतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग गळ्याची सोनोग्राफी झाली. थायरॉइडच्या उजव्या बाजूला एक गाठ निघाली, पॅराथायरॉइड ‘दिसून येत नाही’. मग पुण्याला सेस्टामिबी स्कॅन (शिरेतून थोडं किरणोत्सर्गी औषध देऊन फोटो काढतात तो). तोही ‘निगेटिव्ह’. तो रिपोर्ट घेऊन एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवायला गेलो तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं, “स्कॅनमध्ये काही नाही म्हणजे काढायला काही नाही. भरपूर पाणी प्या, सहा महिन्यांनी या.”

आई खूश आहे, ऑपरेशन टळलं म्हणून. मला झोप नाही. आकडे वाढलेत ते कुठून मग? तिची हाडं दुखतात, जिना चढताना कठड्याला धरून चढते. आणखी एखादा स्कॅन करावा का? कुणाला अनुभव आहे का?

---

वाईच्या_काकू | ११ जून, रात्री १०:०५

बाळा, आधी आईचं दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद करून बघा. माझ्या जावेचं कॅल्शियम असंच वाढलं होतं, गोळ्या थांबवल्या, उतरलं. गळ्यावर सुरी म्हणजे शेवटचा उपाय.

---

रानजाई | ११ जून, रात्री १०:३१

काकू, तुमच्या जावेचं पीटीएच केलं होतं का? गोळ्यांमुळे कॅल्शियम वाढलं असेल तर पीटीएच खाली जायला हवं. शरीर म्हणतं, रक्तात कॅल्शियम भरपूर आहे, आता पुरे. इथे कॅल्शियम जास्त असूनही पीटीएच चढतंच आहे. म्हणजे ग्रंथी ऐकत नाहीये. दूध बंद करून ती ऐकणार नाही.

विश्रामबागकर, मी साताऱ्याची. तीन वर्षांपूर्वी माझं हेच ऑपरेशन झालं. उद्या सविस्तर लिहिते, आत्ता उजव्या हातावर नात झोपलीये.

---

भडंगप्रेमी | ११ जून, रात्री १०:४०

रानजाईताई, नातीला उठवू नका, आम्ही थांबतो. :)

---

कराडचा_डॉक्टर | १२ जून, सकाळी ७:१५

मी एंडोक्रायनॉलॉजीत, म्हणजे हार्मोनच्या ग्रंथींच्या आजारांत काम करतो. पेशंट बघितल्याशिवाय सल्ला देत नाही, पण एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी, कारण ही चूक मी वरचेवर बघतो.

या आजाराचं निदान रक्तावर होतं, स्कॅनवर नाही. कॅल्शियम वाढलेलं, पीटीएच वाढलेलं (किंवा कॅल्शियम वाढूनही पीटीएच नॉर्मलच राहिलेलं), आणि तसं करणारी दुसरी कारणं वगळलेली, की निदान झालं. स्कॅन त्यानंतर येतो, आणि त्याचं काम एकच: सर्जनला कुठे हात घालायचा ते सांगणं. घरात उंदीर आहे हे कुरतडलेल्या पोत्यावरून कळलेलं असतं. बॅटरी मारून तो दिसला नाही म्हणून पोतं शाबूत होत नाही.

दुसरी कारणं म्हणजे कोणती? बीपीसाठी थायाझाइडची गोळी चालू आहे का, मानसोपचारातलं लिथियम आहे का हे बघतात. आणि एक आनुवंशिक प्रकार असतो, त्यात कॅल्शियम जन्मापासूनच थोडं चढं असतं आणि ऑपरेशनचा उपयोग नसतो. त्यात लघवीतलं कॅल्शियम कमी येतं. तुमच्या आईंचं जास्त आलंय, म्हणजे तो रस्ता बंद.

त्यात वारंवार मुतखडे. अशा पेशंटला “सहा महिन्यांनी या” हे मला पटत नाही. ज्याने नियमित पॅराथायरॉइडची ऑपरेशनं केलीत अशा सर्जनला रिपोर्ट दाखवा. डी जीवनसत्त्वाचं काय करायचं तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, मेडिकलमधून स्वतः सॅशे आणून नको.

---

विश्रामबागकर | १२ जून, सकाळी ८:०२

डॉक्टर, उंदराचं उदाहरण आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं. “मग शोधा,” म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदा ती हो म्हणाली. बीपीची गोळी आहे, पण थायाझाइड नाही, आत्ताच पाकीट बघितलं.

---

फिल्म_आणि_फोकस | १२ जून, दुपारी १:२०

मी मिरजेत बत्तीस वर्षं एक्स-रे आणि सोनोग्राफी विभागात टेक्निशियन होतो, आता निवृत्त. स्कॅन का चुकतात हे सांगणारं कुणी भेटत नाही, म्हणून लिहितो.

निरोगी पॅराथायरॉइड मसुराच्या डाळीएवढी, ती सोनोग्राफीत सहसा दिसतच नाही. वाढलेली दिसू शकते: थायरॉइडच्या मागच्या कडेला काळसर, लांबट गोळा, आणि रक्ताचा प्रवाह दाखवणारा रंगीत डॉप्लर लावला की एका टोकाने आत शिरणारी रक्तवाहिनी. चांगल्या हाताला ती रक्तवाहिनी सापडली की अर्धं काम झालं. पण सोनोग्राफीच्या लहरी हवेतून जात नाहीत. श्वासनलिकेत हवा. ग्रंथी श्वासनलिकेच्या किंवा अन्ननलिकेच्या मागे दडली की पडद्यावर नुसती सावली. छातीच्या हाडामागे उतरली तरी तेच. म्हणून रिपोर्टातल्या ‘दिसत नाही’ याचा अर्थ ‘मला दिसली नाही’ एवढाच घ्या.

अजून एक. पेशंटच्या खांद्याखाली उशी घालून मान नीट मागे टाकायला लावली होती का? तोंड डावी-उजवीकडे वळवायला, आवंढा गिळायला सांगितलं होतं का? थायरॉइडच्या सोनोग्राफीत पाच मिनिटांत उरकतं. ही तपासणी तशी उरकत नाही.

---

विश्रामबागकर | १२ जून, दुपारी १:४८

उशी वगैरे काही नव्हतं. मी आतच उभा होतो. कागदावर ‘थायरॉइड सोनोग्राफी’ लिहिलेलं होतं, तसंच केलं असणार.

---

रानजाई | १२ जून, दुपारी ४:१०

कालचं कबूल केलेलं लिहिते.

मला मुतखडा नव्हता. मला थकवा होता, वाटेल तेव्हा रडू यायचं आणि अंगणात नुसता पाय घसरला तर मनगट मोडलं. तेव्हा मी ५२ ची. वर्षभर सगळे म्हणाले पाळी गेली, असंच असतं. कॅल्शियम १०.९ होतं, ते रिपोर्टावर ठळक छापलेलं असूनही तीन जणांनी बघून सोडून दिलं. चौथीने पीटीएच करायला लावलं.

माझा सेस्टामिबी कसा झाला ते सांगते, कारण जाणाऱ्याला धास्ती असते. सकाळी हाताच्या शिरेत टेक्नेशियमचं इंजेक्शन. पंधरा-वीस मिनिटांनी पहिले फोटो. तेव्हा थायरॉइडही उजळते आणि पॅराथायरॉइडही. मग बाहेर बसवतात. दोन-अडीच तासांनी पुन्हा फोटो. तोवर थायरॉइडमधलं औषध ओसरतं आणि बिघडलेल्या ग्रंथीतलं रेंगाळतं. उरलेला ठिपका म्हणजे ती. टेबलावर मान मागे करून न हलता पडायचं, कॅमेरा अगदी छातीजवळ येतो. दुखत काहीच नाही. मी मनात रामरक्षा म्हणत होते, तीन वेळा पूर्ण झाली.

माझा ठिपका डावीकडे खाली स्वच्छ दिसला, सोनोग्राफीतही तिथेच. दोन्ही जुळले म्हणून सर्जनने एकाच बाजूने लहान चिरा दिला. दुसऱ्या दिवशी घरी. काढलेली ग्रंथी बाटलीत दाखवली. अगदी चिंचोक्यासारखी, तोच तांबूस तपकिरी रंग, तशीच चकाकी. त्या एवढ्याशा चिंचोक्याने माझी दोन वर्षं खाल्ली.

---

तासगाव_बेदाणा | १२ जून, सायंकाळी ६:३३

ताई, आमच्याकडे असतात तर बेदाण्यासारखी म्हणाला असता. :)

एक विचारायचंय. माझा भाऊ पाच वर्षं डायलिसिसवर आहे, त्याचं पीटीएच ९०० च्या वर. हे तेच का? त्यालाही स्कॅन लागेल?

---

कराडचा_डॉक्टर | १२ जून, रात्री ८:५०

नाव जवळचं, गोष्ट वेगळी. किडनी निकामी झाली की फॉस्फरस साठतो, डी जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप बनत नाही, कॅल्शियम खाली ओढलं जातं आणि चारही ग्रंथी ते सावरायला धडपडतात. तिथे गुन्हेगार एक नाही, चौघी थकून फुगलेल्या. उपचार आधी औषधांनी. भावाच्या नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) फॉस्फरस आणि हाडांबद्दल नेमकं विचारा. ऑपरेशनपर्यंत गेलंच तर स्कॅनचा उपयोग एखादी पाचवी किंवा भलतीकडे बसलेली ग्रंथी आहे का हे बघायला.

विश्रामबागकरांच्या आईंसारख्या मूळच्या आजारात शंभरातल्या साधारण ऐंशी ते पंच्याऐंशी जणांत एकच ग्रंथी बिघडलेली असते. म्हणून ती आधी शोधण्यात अर्थ आहे.

---

अजिंक्यताऱ्याखाली | १३ जून, सकाळी ९:२५

माझं मत वेगळं आहे. आमच्या वडिलांच्या वेळी (१९९४) हे एवढे स्कॅन नव्हते. सर्जनने गळा उघडला, चारही ग्रंथी बघितल्या, मोठी होती ती काढली. वडील नंतर वीस वर्षं ठणठणीत होते. स्कॅनवर पन्नास हजार घालण्यापेक्षा अनुभवी सर्जन गाठा. आणि सोनोग्राफीत थायरॉइडची जी गाठ दिसली, तिथेच पॅराथायरॉइड नसेल कशावरून? सुई घालून बघायला काय हरकत आहे?

---

कराडचा_डॉक्टर | १३ जून, दुपारी १२:०५

अनुभवी सर्जनबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. जॉन डॉपमन हे अमेरिकेतले रेडिऑलॉजिस्ट, आयुष्यभर हेच शोधायचं काम केलेले. पहिल्या ऑपरेशनआधी शोधून ठेवण्यासारखी एकच गोष्ट असते, चांगला पॅराथायरॉइड सर्जन, असं त्यांनीच म्हणून ठेवलंय. स्कॅन करणाऱ्यानेच म्हटलंय म्हणून वजन आहे.

पण दोन गोष्टी. एक, चारही बघायच्या म्हणजे दोन्ही बाजू उघडायच्या. स्वरयंत्राची नस दोन्हीकडून जाते, ती जपायला वेळ लागतो. जागा आधी कळली तर एक बाजू वाचते. दोन, कधी ग्रंथी गळ्यात नसतेच. गर्भात या ग्रंथी वरून खाली सरकत येतात, वाटेत कुठेही थांबू शकतात: थायमसमध्ये (छातीच्या हाडामागची ग्रंथी), छातीत, अन्ननलिकेमागे, क्वचित थायरॉइडच्या आतसुद्धा.

पॅराथायरॉइडचा संशय असताना तिथे सुई सहसा घालत नाहीत. आवरण फाटून पेशी आजूबाजूला रुजू शकतात आणि पुढचं ऑपरेशन चिकट होतं. थायरॉइडच्या गाठीचा निर्णय वेगळा, तो तिच्या दिसण्यावर आणि आकारावर. ती गाठ आधी निकालात काढणं मात्र गरजेचं, कारण थायरॉइडच्या गाठीतही सेस्टामिबी रेंगाळतं आणि फसवतं.

---

फिल्म_आणि_फोकस | १३ जून, दुपारी २:४०

जागा न कळता ऑपरेशन केलं की काय होतं, त्याची एक खरी गोष्ट. चार्ल्स मार्टेल नावाचा अमेरिकन जहाजावरचा कप्तान. या आजाराने हाडं इतकी ठिसूळ झाली की त्याची उंची जवळजवळ सात इंच कमी झाली. गळ्याची सहा ऑपरेशनं झाली, ग्रंथी सापडेना. तो स्वतः ग्रंथालयात बसून वैद्यकीय पुस्तकं वाचू लागला. शेवटी १९३२ मध्ये सातव्या ऑपरेशनात छातीत सापडली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत किडनीच्या त्रासाने तो गेला.

आमच्या विभागात नवीन पोरं आली की मी त्यांना ही गोष्ट सांगायचो. प्रोब धरायचा तर त्या कप्तानाला आठवून धरा म्हणायचो.

---

भडंगप्रेमी | १३ जून, दुपारी ३:०५

या ग्रंथी पहिल्यांदा माणसात सापडल्या नाहीत हे खरं का? कुठेतरी गेंडा वाचल्यासारखं आठवतंय.

---

फिल्म_आणि_फोकस | १३ जून, दुपारी ३:३०

खरं आहे. आणि गेंडा आपलाच, भारतीय! लंडनच्या प्राणिसंग्रहालयात होता, १८४९ मध्ये मेला. रिचर्ड ओवेन यांनी त्याचं शवविच्छेदन केलं तेव्हा थायरॉइडला चिकटलेला लहानसा पिवळसर गोळा त्यांनी टिपला. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉमने १८८० मध्ये केलं, तेव्हा तो विद्यार्थी होता. गेंड्याएवढ्या धुडातही गोळा लहानसाच. मग आईंच्या गळ्यात एका फेरीत नाही दिसला तर धीर सोडू नका.

---

विश्रामबागकर | २ जुलै, रात्री १०:१८

मधे गायब होतो, माफ करा.

थायरॉइडची गाठ तपासली, साधी निघाली. नवीन सर्जनने सेस्टामिबीची सीडी मागितली. माझ्याकडे नुसता कागद. पुण्याला पुन्हा जाऊन सीडी आणली. त्यांनी न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांबरोबर बसून बघितलं. नुसते सपाट फोटो काढले होते, त्यासोबतचा सीटी जोडलेलाच नव्हता. म्हणजे खोली कळायला मार्गच नाही. सोनोग्राफी परत केली, या वेळी खांद्याखाली उशी, अर्धा तास. तरीही काही नाही.

आता दोन पर्याय सांगितलेत: फोरडी सीटी किंवा कोलीन पेट. काय निवडावं?

---

कराडचा_डॉक्टर | ३ जुलै, सकाळी ७:४०

निवड तुमच्या सर्जनची, मी फरक सांगतो. फोरडी सीटीतली चौथी मिती म्हणजे वेळ. शिरेतून आयोडीनचं औषध देऊन एकच जागा तीन टप्प्यांत टिपतात: औषधाआधी, रक्तवाहिन्या भरल्यावर, ओसरताना. बिघडलेली ग्रंथी भपकन उजळते आणि लवकर मावळते, लसिकाग्रंथी तशी वागत नाही. अन्ननलिकेमागची जागा यात छान दिसते. मुतखड्यांचा इतिहास आहे म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघा, आणि अशा आयोडीनच्या औषधाची ॲलर्जी असेल तर सांगा.

कोलीन पेट, म्हणजे किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेलं कोलीन शिरेतून देऊन काढायचा स्कॅन, लहान ग्रंथी पकडण्यात फार चांगला, पण त्यातल्या फ्लोरिनचं अर्धायुष्य ११० मिनिटं, तेवढ्यात ते निम्मं उरतं. औषध जिथे बनतं तिथून लवकर पोचायला हवं, म्हणून मोजक्या शहरांतच मिळतो. महागही.

---

रानजाई | ३ जुलै, सकाळी ९:१५

आणि विचारून ठेवा: ऑपरेशन चालू असताना पीटीएच तपासायची सोय आहे का? पीटीएच रक्तात काही मिनिटांतच निम्मं होतं. ग्रंथी काढून दहा मिनिटांनी रक्त घेतात, आकडा निम्म्याच्या खाली आला की टाके घालतात. आला नाही तर अजून शोधतात. माझ्या वेळी सर्जन टेबलापाशी थांबून होते, भूलतज्ज्ञांनी नंतर सांगितलं. स्कॅन नीट दिसत नसेल तर ही सोय फार मोलाची.

---

विश्रामबागकर | २१ जुलै, रात्री ११:०२

फोरडी सीटी झाला. सापडली. उजवीकडची वरची ग्रंथी, खाली घसरून अन्ननलिकेच्या मागे जाऊन बसलेली. १४ मिलिमीटर. फिल्मकाका, तुम्ही १२ जूनला लिहिलं होतं अगदी तीच जागा!

रेडिऑलॉजिस्टनी मला स्क्रीनसमोर बसवून दाखवलं. पहिल्या चित्रात नुसतं राखाडी. दुसऱ्यात अन्ननलिकेमागे पांढरी टिकली पेटल्यासारखी. तिसऱ्यात पुन्हा विझलेली. मी त्यांना ते तीनदा मागे-पुढे करायला लावलं.

आई भजनी मंडळात गाते, आवाजाची तिला फार काळजी. तेही सर्जनला सांगितलं. ऑपरेशनआधी नाकातून दुर्बीण घालून स्वरयंत्र बघून घेणार आहेत. तारीख ५ ऑगस्ट, पुण्यात.

---

फिल्म_आणि_फोकस | २२ जुलै, सकाळी ६:१०

वाचून डोळे भरून आले. आईंना नमस्कार सांगा.

---

तासगाव_बेदाणा | २ ऑगस्ट, रात्री ९:००

विश्रामबागकर, कृष्णेचं पाणी चढतंय. आयर्विन पुलाला ३६ फूट म्हणतायत, ४० ला इशारा पातळी. पुण्याला जायचं असेल तर आधीच निघा, ऐनवेळी रस्ता अडायला नको. गाडी लागली तर सांगा, माझी आहे.

---

विश्रामबागकर | ३ ऑगस्ट, पहाटे ५:३०

निघालोच. मनापासून आभार, भाऊ.

---

विश्रामबागकर | १२ ऑगस्ट, सायंकाळी ७:२५

घरी आलो. ऑपरेशन दीड तास चाललं. ग्रंथी सीटीत दिसली तिथेच होती. काढण्याआधी पीटीएच १७१, दहा मिनिटांनी ३८. डावी बाजू उघडावीच लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, आई घाबरली. कॅल्शियम ७.९ पर्यंत उतरलं होतं. इतकी वर्षं लुबाडलेली हाडं आता कॅल्शियम परत ओढून घेतायत, असं सर्जननी समजावलं. गोळ्या चालू आहेत, काल ८.८ आलं. वाईच्या काकू, आता दूध रोज दोन पेले.

पहिले तीन दिवस आवाज जरा घोगरा होता. आज सकाळी देवापुढे बसून हळू आवाजात काकड आरती म्हणाली. वरची पट्टी अजून लागत नाही. मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून नुसता ऐकत उभा राहिलो, चहा उतू गेला.

---

वाईच्या_काकू | १२ ऑगस्ट, रात्री ८:०१

देव पावला. माझं चुकलं होतं बाळा, बरं झालं माझं ऐकलं नाहीस. जावेचं पीटीएच उद्याच करायला सांगते.

---

नवीन_सदस्य_इस्लामपूर | १९ ऑगस्ट, दुपारी १२:४४

संपूर्ण धागा वाचला. माझ्या बहिणीचं कॅल्शियम ११.१ आलंय. सेस्टामिबी कुठे चांगला होतो, कुणी सांगेल का?

---

रानजाई | १९ ऑगस्ट, दुपारी १:१०

स्कॅनचं नंतर बघू. पीटीएच केलंय का? आकडा किती?